इंदूरला जायच्या तीन सह्या

राजकोटच्या वल्लभशेठच्या पंपांच्या कारखान्यात प्रवासाचा फॉर्म निघाला तो एका विक्रेत्यापायी. जयपूरच्या गिऱ्हाइकाला भेटायला गेलेला हा गृहस्थ परतला तो हरिद्वारचं गंगाजल घेऊन. तेव्हापासून कामासाठी गावाबाहेर पाऊल टाकायचं तर तीन सह्या: विभागप्रमुख, हिशेबनीस नटुभाई आणि शेवटी खुद्द शेठ. सहीशिवाय केलेला सौदा कारखाना मानणार नाही, असं फॉर्मवरच छापलं होतं.

पहिला फॉर्म भरला कल्पेशने. इंदूरच्या मालपाणींना तीनशे पंप हवे होते. त्यांनी चार कारखान्यांच्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बोलावलं होतं. हा सौदा हुकला तर विक्री सोडून पॅकिंगमध्ये खोके ठोकायला बसायचं, असं शेठनी कल्पेशला सांगून ठेवलेलं. इंदूरची बस दिवसाला एकच, दुपारी दोनची.

विभागप्रमुखांनी न वाचता सही केली. नटुभाईंनी वाचून केली, म्हणजे एक वाजला. बसच का, रेल्वे का नाही, दोन्हींची भाडी लिहून आण. 'गिऱ्हाइकाची भेट' हे कारण फार मोघम आहे, नीट लिही. कल्पेश शेठच्या केबिनपाशी पोचला तेव्हा शेठ जेवायला घरी गेले होते. आणि राजकोटात एक ते चार बाजारातलं कुत्रंही जागं नसतं.

फोन शेठाणी रंभाबेननी उचलला.

"काकी, एकच सही हवी. मी घरी येतो, झोपेतच करू देत."

"झोपेतली सही नटुभाईंना चालेल का रे?"

नटुभाईंना चालली नसती.

"मग चारला ये. चहा घेऊन जा."

चारला शेठनी चहा बशीत ओतला, सही ठोकली आणि बस कितीची म्हणून विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी बशी खाली ठेवली. मग हा गाढवपणाचा नियम कोणी काढला, असंही विचारलं. कल्पेशने फॉर्मच्या तळाशी हुकूम म्हणून छापलेलं शेठचंच नाव दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अकराला मालपाणींचा फोन आला. कल्पेश दाराशी उभा होता.

"शेठ, बाकीचे तिघं सकाळपासून येऊन बसले होते," मालपाणी म्हणाले. "मी तोंड उघडायच्या आत प्रत्येकाने भाव उतरवला. मागायच्या आधी उतरतो त्याचा माल कसला असणार? तुमचा माणूस आलाच नाही. म्हटलं, यांना गरज नाही, म्हणजे पंप पक्का. तुमच्याच भावात तीनशे पाठवा."

कल्पेश विक्रीतच राहिला. शेठनी फॉर्म मागवला, खाली चौथ्या सहीची रेघ ओढली आणि तिच्याखाली रंभाबेनचं नाव घातलं.