शॉर्टकटरावांचा लांबचा रस्ता

"आपला प्रत्येक राउटर हुशार आहे! सगळ्या तारांचा नकाशा त्याला तोंडपाठ. जवळचा रस्ता तोच काढतो, मी नुसता खुर्चीत बसतो!" असं शॉर्टकटरावांनी सकाळीच जाहीर करून टाकलं. हे नाव ऑफिसनेच ठेवलेलं. आज अकरा वाजता मोठे साहेब व्हिडिओवर येणार होते आणि चार वर्षं हंगामी असलेल्या शॉर्टकटरावांना कायम करायचं की नाही, ते ठरवणार होते.

इंटरनेटकडे जायला दारं दोन. एक ऑफिसातच जिन्याखाली, दुसरं शहराच्या पार टोकाला, गोदामात. राउटरच्या हिशेबात प्रत्येक वाटेला खर्चाचा आकडा असतो. कमी आकडा, ती वाट बरी. गोदामाची लाइन नवी कोरी, म्हणून शॉर्टकटरावांनी कालच तिला दहा दिले आणि जिन्याखालच्या लाइनीला वीस.

अकरा वाजून दोन मिनिटांनी मोठे साहेब तोंड उघडून थिजले ते थिजलेच! आवाज तेवढा तुटक येत होता.

"अहो, साहेबांना झालं काय?" मॅनेजरबाई किंचाळल्या.

शॉर्टकटरावांना काही कळेना. त्यांनी प्रिंटर बंद केला, पंखा बंद केला, राउटर दोनदा बंद-चालू केला. साहेबांचं तोंड उघडंच! शेवटी त्यांनी गोदामात फोन लावला, स्पीकरवर.

"इंटरनेट? इथं सुसाट आहे की!" गोदामवाले काका म्हणाले. "पण मला सांगा, तुमची सगळी गर्दी आमच्या दाराशी का? जिन्याखालचं दार बुजवलंत काय?"

शॉर्टकटरावांनी सेटिंग उघडून पाहिलं. राउटरने फक्त दाराबाहेरचा आकडा पाहिला होता. वीसपेक्षा दहा कमी, चला गोदामात! तिथवर जाणाऱ्या मरतुकड्या तारेचे शंभर त्याने धरलेच नव्हते, कारण ते धरायला त्याला सांगायचं शॉर्टकटरावच विसरले होते. त्यांनी सेटिंग बदललं. आता गोदाम पडलं एकशे दहाला, जिना, तिथवरच्या तारेचा एक धरून, जेमतेम एकवीसला. साहेबांचं तोंड मिटलं!

"मला सगळं ऐकू येत होतं," साहेब म्हणाले. "तुम्हाला कायम केलंय. इंटरनेट सुसाट आहे ना, तर मग उद्यापासून गोदामातच बसा!"

शॉर्टकटराव हवेत तरंगत घरी आले. घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. बायकोने आनंदाने टाळ्या वाजवल्या, मग एकदम थांबली.

"अहो, पण गोदामापर्यंत जायला दोन तास लागतात. ते साहेबांनी धरलेत का?"

शॉर्टकटराव मोजे काढू लागले.