मागच्या गल्लीतले आजोबा

चक्रीवादळ संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला धडकणार हे नक्की झालं, तेव्हा स्वयंसेवकांच्या बैठकीत चष्मेवाल्यांनी सगळ्यांत आधी हात वर केला. खरं तर त्यांना पंखा जरा कमी करा एवढंच सांगायचं होतं. पण मुख्याध्यापकबाईंनी नेमकं त्याच वेळी "खिडक्यांना फळ्या ठोकायला कोण जाणार?" असं विचारलं होतं. निम्म्या गावाला बाईंनीच शिकवलेलं, त्यामुळे त्यांच्यासमोर वर गेलेला हात खाली घेण्याची छाती कोणाचीच नव्हती. चष्मेवाल्यांची तर मुळीच नाही.

एकदा गळ्यात पडलंच म्हटल्यावर त्यांना ते काम आवडायलाही लागलं. चष्म्याच्या दांडीतला तिळाएवढा स्क्रू बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोटाएवढा स्क्रू त्यांना पोरखेळ वाटला. सोबतच्या सुतारमामांना ते दर घरी एकच सल्ला देत राहिले, "मामा, खिळे नकोत. लांब स्क्रू मारा. वादळाच्या बापालासुद्धा निघता कामा नयेत." मामा मान डोलवत. फुकट राबणाऱ्या माणसाला तोडून बोलू नये, एवढा समजूतदारपणा त्यांच्याकडे होता.

दुपार कलली तसे चष्मेवाल्यांच्या तळहाताला फोड आले आणि कंबर बोलू लागली. शिडीवरून उतरून ते म्हणाले, "कोपऱ्यावरच्या आजींना जरा बघून येतो. एकट्या असतात बिचाऱ्या." आणि आजींच्या घरावरून सरळ पुढे जाऊन ते स्वतःच्या घरात शिरले. पाच मिनिटं पाठ टेकू आणि उठू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. असं ते स्वतःला वर्षानुवर्षं बजावत आले होते आणि दरवेळी त्यांचा त्यावर विश्वासही बसत असे. रस्त्यावर कर्ण्यातून सूचना चालू होत्या, म्हणून त्यांनी कानात कापसाचे बोळे घातले.

इकडे, गाव आसऱ्याला जमत होतं त्या शाळेत त्यांची बायको पाण्याच्या बाटल्या भरत होती. "सगळ्या गावाच्या खिडक्या झाल्या, आमच्याच राहिल्या," ती म्हणाली. "ह्यांना लष्कराच्या भाकऱ्या भाजायची पहिल्यापासून हौस."

बाईंना ते लागलं. "जो दुसऱ्यांसाठी राबतो त्याच्याकडे आपण नाही बघायचं तर कोणी?" त्यांनी लगेच सुतारमामांना आणि आणखी दोघांना पिटाळलं.

"घर रिकामंच आहे," बायकोनं जाताना सांगितलं. "दोन्ही दारांवरसुद्धा फळ्या मारा. कड्या सैल आहेत."

चष्मेवाल्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर ठोकाठोक आणि स्क्रू मारायच्या मशीनची घरघर झाली. पण सकाळपासून ते त्याच आवाजात जगत होते, शिवाय कानात कापूस. त्यांनी फक्त कूस बदलली.

जाग आली तेव्हा सगळीकडे दाट काळोख होता. त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. दिसला नाही. गावाला दृष्टी देणाऱ्या माणसाचेच डोळे गेले, असं मनात येऊन त्यांना रडू फुटणार होतं. तेवढ्यात उशाचा मोबाईल उजळला आणि तो स्पष्ट दिसला. डोळे शाबूत आहेत म्हटल्यावर त्यांनी निश्चिंतपणे पुढचं दार उघडलं. दारामागे फळी होती. त्यांनी खांदा लावून पाहिला. मागच्या दाराला लाथ घालून पाहिली. खिडक्यांना तर गजच होते. काम उत्तम झालं होतं. कुणीतरी त्यांचा सल्ला अक्षरशः पाळला होता.

मोबाईल पुन्हा उजळला. कानातले बोळे काढून त्यांनी तो उचलला.

"चष्मेवाले, कुठं आहात तुम्ही?" बाई विचारत होत्या.

"आजींकडे."

"आजी माझ्यासमोर बसल्यात. बिस्किटं खातायत."

खरं बोलायची ही फार चांगली वेळ होती. थोडं हसं झालं असतं आणि विषय संपला असता. पण चष्मेवाल्यांच्या तोंडून निघालं, "आजींचं नाही म्हणत मी. एक आजोबा आहेत. मागच्या गल्लीत."

"कोणते आजोबा?"

"नाव नाही विचारलं. म्हातारे आहेत."

"आजोबा म्हातारेच असतात," बाई म्हणाल्या. वाक्यातला फालतू शब्द त्यांना खपत नसे. "मग घेऊन या ना."

"ऐकत नाहीत. हट्टी आहेत. समजूत काढतोय."

"एकट्यानं नाही काढायची. आपलं ठरलंय ना, कोणी कोणाला एकटं सोडायचं नाही. सुतारमामांना पाठवते," म्हणत बाईंनी फोन ठेवलासुद्धा.

बाहेर वाऱ्यानं आवाज बदलला होता. कुठलातरी पत्रा खणखणत रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सुतारमामांचा एक गुडघा कायम दुखरा होता. तो गुडघा घेऊन मामा आता मागच्या गल्लीत, जन्मालाच न आलेल्या म्हाताऱ्यासाठी दारं ठोठावत फिरणार होते. चष्मेवाल्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या काळोखातही त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मामांना लावलेला फोन लागेना. बाईंचा सारखा दुसऱ्या कॉलवर. मग ज्या एका माणसाला सांगायची अजिबात इच्छा नव्हती, त्या माणसाला त्यांनी फोन लावला.

"अहो, आले का आजोबा?" बायकोनं विचारलं.

"आजोबा नाहीत."

"अरे देवा. गेले?"

"गेले नाहीत. नव्हतेच. मी घरी आहे."

"कोणाच्या?"

"आपल्या."

पलीकडे बाटली भरून पाणी खाली सांडल्याचा आवाज आला.

"आपलं घर तर बंद केलंय," ती सावकाश म्हणाली.

"हो. आतून बघितलं मी. छान केलंय."

"झोपला होता?"

"ते मग सांगतो. आधी मामांना परत बोलवा. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

थोड्या वेळानं बाहेर पावलं वाजली. फळीच्या फटीतून एक डोळा आत डोकावला. गावातले डोळे चष्मेवाले ओळखत. हा मुख्याध्यापकबाईंचा होता, चाळिशीचा नंबर वाढलेला.

"मामांच्या मशीनची बॅटरी संपली," डोळा म्हणाला. "तुमच्याच दारावर. आता हातानं काढायचेत स्क्रू."

मग बाई, बायको आणि आणखी दोघं एकच पेचकस आलटून पालटून फिरवत राहिले. "द्या इकडे, हात भरून आले असतील तुमचे," असं ते एकमेकांना म्हणत होते आणि आत चष्मेवाले प्रत्येक स्क्रूगणिक आणखी बारीक होत होते. कोणीतरी हसावं, निदान चार शब्द सुनवावेत, असं त्यांना फार वाटत होतं. फळी निघाली. त्यांनी माफी मागण्यासाठी तोंड उघडलं, तोच बायकोनं त्यांच्या अंगावर रेनकोट टाकला. "बोलू नका. फळी धरा. परत लावायचीय."

"मामा आले?"

"त्यांचा फोन लागत नाहीये," बाई म्हणाल्या.

फळी कशीबशी बसवून चष्मेवाले त्या वाऱ्यात मागच्या गल्लीकडे धावले. इतक्या वर्षांत त्यांना धावताना कोणी पाहिलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशीच सुतारमामा लंगडत येताना दिसले. पुढे हातगाडी होती आणि हातगाडीवर, घोंगडीत गुंडाळलेले, एक आजोबा होते.

"शेवटच्या घरात सापडले," मामा धापा टाकत म्हणाले. "कानानं बहिरे. सगळ्यांना वाटलं, मुलीकडं गेलेत. तुम्ही बोलला नसता तर राहिलेच होते की हो."

चष्मेवाल्यांनी गाडीचा दांडा हातात घेतला.

त्या घराचं छप्पर वादळात उडून विहिरीत पडलं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण शाळेत टाळ्या आदल्या संध्याकाळीच वाजल्या. चष्मेवाले म्हणाले, "ऐका, खरं सांगायचं तर..." पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. बाईंना ऐकू गेलं असावं. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि टाळ्या चालू ठेवल्या.

आजोबा मात्र भडकले होते. "मी घरात आहे हे कोणी सांगितलं?" लोकांनी कौतुकानं चष्मेवाल्यांना पुढे ढकललं. आजोबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काय छान डोळा लागला होता. एका माणसाला जरा पडू देत नाहीत."

चष्मेवाल्यांना आजोबांचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. पण ते काही बोलायच्या आत बायको आजोबांच्या कानाशी वाकली आणि साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यांना नाही कळायचं आजोबा. सकाळपासून डोळ्याला डोळा नाही लागला ह्यांच्या."