मावशीच्या डेलियाचा खून

माझी नजर घारीची, चाल मांजराची आणि बुद्धीला तर उपमाच नाही. आजवर एकही गुन्हेगार माझ्या हातून सुटलेला नाही. एकही सापडलेला नाही, असं बायको म्हणते. पण ती पडली साहाय्यक, तिला एवढंच कळायचं.

त्या सकाळी दोन स्वेटर आणि मफलर चढवून मी मावशीच्या बाल्कनीत कुडकुडत उभा होतो. तिच्या कुंडीतला डेलिया कालपर्यंत बशीएवढी फुलं मिरवत होता. आज सगळा काळाठिक्कर पडला होता.

"गेलं रे माझं लेकरू!" मावशी रडत म्हणाली. मग शेजारच्या खोलीला ऐकू जाईल असं, "आता या घरात मी बोलू कुणाशी?"

त्या खोलीत काका पेपर वाचत होते. महिन्यापूर्वी दोघांचं भांडण झालं होतं, तेव्हापासून नवराबायकोचा अबोला होता.

मी भिंग काढलं. "पानं काळी, म्हणजे भाजलेली. भाजली, म्हणजे उष्णता. उष्णता, म्हणजे इस्त्री! वरच्या मजल्यावर कोण राहतो?"

इस्त्रीवाल्याला खाली आणलं. "साहेब," तो म्हणाला, "इथे माणसांचे कपडे उरकत नाहीत, झाडाला कधी इस्त्री करू?"

मग मी विषाकडे वळलो. कुंडीतली चिमूटभर माती चाखली. चव भयंकर, म्हणजे विषच. बराच वेळ मरायची वाट पाहिली, पण भूक लागल्यावर तो तर्क सोडून दिला.

"अहो, काकांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"संशयिताला विचारायचं नसतं. त्याच्यावर पाळत ठेवायची असते."

तिनं सरळ जाऊन विचारलं.

"पहाटे दव गोठलं," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "या झाडाला थंडी सोसत नाही. दरवर्षी मी आधीच कंद काढून वाळूत ठेवतो. यंदा हिनं बजावलं, माझ्या कुंडीला हात लावायचा नाही. नाही लावला."

मावशी दारात आली. "मला वाटायचं, ते झाड थंडीत आपलं आपण झोपतं नि मग उठतं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "विचार त्यांना, आता काहीच उरलं नाही का?"

काका उठले आणि खुरपं घेऊन कुंडीशी बसले. रताळ्यांसारखा कंदांचा घोसच्या घोस बाहेर आला, चांगला टणक. त्यांनी तो मावशीच्या ओंजळीत ठेवला.

"अगं, कंदाची मान सांभाळ! कोंब तिथूनच फुटतो."

"मग खालून धरा ना तुम्ही! नुसते सांगताय काय!"

"मान!" मी शिट्टी फुंकली. "मान मोडण्याचा कट! कुणीही हलायचं नाही!"

"तू गप्प बस!" दोघं एकदमच ओरडले.

महिनाभरात त्यांचं प्रथमच एकमत झालं होतं, आणि तेही माझ्यामुळे. मी मुकाट्यानं वाळू आणायला गेलो.