नारळाच्या मागे तीन पाणबुड्या

राजसीच्या तीन पाणबुड्यांना एकमेकींशी बोलता येत होतं. अंबरनाथ पश्चिमेच्या तिच्या शाळेतल्या शिक्षकांना जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं, ते दहावीतल्या या पोरीने कॅम्प तीनच्या भंगार बाजारातल्या मोटरी आणि प्लंबरकडचे उरलेले पाइप यांच्याकडून करून घेतलं होतं. पुढची टक-टक वाजवी, मागच्या दोघी ते ऐकत अंतर राखून येत. रिमोट नाही, दोरी नाही. नियम एकच: ज्याचा आवाज मोठा, तो म्होरक्या.

विज्ञान प्रदर्शनात पहिलं येणाऱ्याला गोव्यात आठ दिवसांचं शिबिर होतं, खऱ्या समुद्रावर. पाणबुड्यांनी टाकीपलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं. राजसीने तरी कुठे पाहिलं होतं?

प्रदर्शनाच्या दिवशी प्रमुख पाहुणे बबनशेठ टाकीपाशी थबकले. त्यांच्या तीन पिढ्या मिठागरावर गेलेल्या.

"नारल कुठंय?"

"नारळ कशाला, काका?"

"पान्यात काय बी सोरायचा त आधी नारल. होरी असो नाय त मशीन."

"पण सर," राजसी मुख्याध्यापकांकडे वळली, "पाण्यात दुसरं काही टाकलं तर..."

"गप गं," मुख्याध्यापक धर्मराज सर पुटपुटले. "नव्या इमारतीची जागा त्यांची आहे."

शाळेच्या शिपाई कौसाबाईंनी हळद-कुंकू लावलेला नारळ आणला. शेठनी तो भक्तिभावाने पाण्यात सोडला. पाणबुड्यांच्या लाटांनी नारळ हलला आणि टाकीच्या भिंतीवर आपटू लागला. टक. टक. टक.

पुढच्या पाणबुडीने आपल्यापेक्षा मोठा आवाज ऐकला आणि ती नियमाप्रमाणे गप्प बसून नारळाच्या मागे लागली. उरलेल्या दोघीही. त्या जवळ आल्या की लाटा, लाटा आल्या की नारळ आपटायचा, आणि नारळ आपटला की त्या आणखी जोरात त्याच्यामागे. टाकीभोवती टाळ्या पडायला लागल्या.

"बग," शेठ म्हणाले, "मशीनला पन समजतंय, मान कोनाचा."

परीक्षक संतोष सर वाकून बघत होते. "बाळ, हे कसं काय जमवलंस?"

"जमवलं नाही सर, चुकलंय. त्यांना नारळ लीडर वाटतोय."

धर्मराज सरांनी तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. संतोष सरांनी शेरा लिहिला: 'यंत्रे उत्कृष्ट. प्रथम क्रमांक. विद्यार्थिनीला मात्र ती समजलेली नाहीत.'

शिबिराला जागा एकच होती. समजावून सांगायला जाणता माणूस हवा, म्हणून यंत्रांबरोबर धर्मराज सर गेले. सामानात नारळही होता.

"तुझ्या पाणबुड्या बीचवर, आणि तू सराव परीक्षेला," मैत्रीण प्रीती म्हणाली. "सही है."

चौथ्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला.

"राजसी, अगं तिन्ही एका मच्छीमार बोटीच्या मागे निघाल्यात. बोटीचं इंजिन टक-टक करतंय. मी नारळ पण सोडला, ढुंकून बघत नाहीत. सगळे माझ्याकडे बघतायत. काय करू?"

त्या आता परत येणार नव्हत्या. राजसीने भूमितीचं पान उलटलं.

"ज्याचा आवाज मोठा, त्याच्या मागे जातात, सर."

"अगं, मग मी काय करू?"

"ओरडून बघा. शाळेत तर चालतं."