आजोबांच्या भीतीला नामंजुरी

मायबाप समिती, तुमच्यावर आरोप असा की तुम्ही एका मेलेल्या माणसाची भीती पळवलीत. खाकरू नका, आधी ऐका.

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या मृण्मयीने पहिलीवहिली कादंबरी लिहिली. दिवसा ती सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. तिचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत खेचरांवरून दारूगोळा वाहत. परत आल्यावर गावच्या पारावर त्यांनी युद्धाची एकच गोष्ट सांगितली, आणि मरेपर्यंत तीच: "तोफा सुरू झाल्या, मी खेचराच्या पोटाखाली शिरलो. लई घाबरलो होतो." कादंबरी या वाक्यासाठी होती. बाकीची पानं म्हणजे त्याला बसायला टाकलेली सतरंजी.

पुस्तक तिथलं मराठी मंडळ काढणार होतं. मंडळाने एकमत होईपर्यंत बैठक चालवायची रीत डच लोकांकडून उचलली, आणि एकमत होऊ न द्यायची पुण्याहून आणली.

पहिल्या बैठकीत अध्यक्ष हेमचंद्र म्हणाले, "मृण्मयी, लिखाण झकास. पण मराठी माणूस घाबरतो हे इथल्या पोरांना कशाला सांगायचं? 'दबा धरला' कर."

"दादा, दबा कसला? ते थरथरत होते."

"थंडीने. इटलीच्या डोंगरात असतेच."

थंडी एकमताने मंजूर झाली.

दुसऱ्या बैठकीला फेल्डहोवनहून अपूर्वा आली. तिचा मॅनेजर जर्मन. "जर्मनांचं नाव कशाला घ्यायचं गं? 'समोरची टीम' म्हण ना." मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तोफा रविवारी पहाटे सुरू होतात. इथे रविवारी भिंतीत साधा खिळा ठोकला तरी शेजारी चिठ्ठी टाकतात. शिवाय हल्ला अपॉइंटमेंट न घेता झालेला. सबब तोफा मंगळवारी दुपारी हलवण्यात आल्या. जखमींना इथल्या डॉक्टरांच्या रीतीप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन आठवडाभर वाट बघायला सांगण्यात आलं. तिसऱ्या बैठकीत प्राणिप्रेमींनी खेचराची सुटका केली आणि आजोबांना सायकल मिळाली.

"सायकलच्या पोटाखाली शिरायचं कसं?" मृण्मयीने विचारलं.

"शिरायचं कशाला? ते घाबरलेच नाहीत ना," हेमचंद्र म्हणाले.

या तर्कात तिच्यासारख्या टेस्टरलाही खोट सापडेना.

बैठक संपल्यावर तिने त्यांना सायकलींच्या स्टँडपाशी गाठलं. "दादा, बाकी सगळं कापा. तेवढं एक वाक्य राहू द्या. त्यांनी दुसरं काही मागे ठेवलंच नाही हो."

हेमचंद्रांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "अगं, मला काय कळत नाही? पण हॉल नगरपालिकेचा. अपूर्वाला मॅनेजरची काळजी. माझं इथे राहायचं परमिट मेमध्ये संपतंय. असल्या दिवसांत युद्धबिद्ध नकोच."

"म्हणजे तुम्ही घाबरलात."

"छे. दबा धरलाय."

पुस्तक निघालं. नाव समितीनेच दिलं, 'निर्भय'. मुखपृष्ठावर आजोबा, डोक्याला फेटा, बुडाखाली सायकल. प्रकाशनाला हॉल गच्च भरला. "भीती हा शब्द या कादंबरीत एकदाही सापडणार नाही," हेमचंद्रांनी अभिमानाने सांगितलं आणि टाळ्यांनी बटाटेवड्यांवरचं झाकणसुद्धा थरथरलं. थंडीनेच असेल.

मग मृण्मयी माइकपाशी गेली. छापलेलं पुस्तक तिने मिटून ठेवलं आणि म्हणाली, "माझे आजोबा लई घाबरले होते. खेचराच्या पोटाखाली शिरले होते."

हेमचंद्रांनी माइकची वायर काढली आणि वडे गार होताहेत अशी घोषणा केली.

तर समिती, उत्तर द्या. तो अडाणी माणूस भर पारावर आपली भीती सांगून मोकळा झाला. तुमच्यातल्या एकाने तरी आपली सांगितली?

आणि वाचकहो, तुम्ही काय गालात हसताय? पुस्तक घेतलंत, सही घेतलीत, टाळ्या तुमच्याही होत्या. वायर निघाली तेव्हा तुम्ही कुठे होतात? वड्यांच्या रांगेत, की दबा धरून?