सासूबाई आणि सीमेचा प्रश्न

वादविवादात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. घरात मी हरतो, पण घरात वाद होतच नाहीत, थेट निर्णय होतात. म्हणून तर बायकोला मी लग्नापासून 'सरकार' म्हणतो. माझं ऐकून सगळी गल्ली म्हणते. दूधवालासुद्धा दारात विचारतो, "सरकार आहेत का?" हे नाव एक दिवस माझ्याच गळ्याशी येईल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तर झालं असं, की आमच्या वाचनालयाने वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय होता, बाहेरून आलेल्यांना नागरिकत्व द्यावं का, आणि त्यात सरकारने किती लक्ष घालावं. चिठ्ठ्या टाकल्या. मला 'देऊ नये' ही बाजू आली, शेजारच्या औषधवाल्याला 'द्यावं'. मनातून मला त्याची बाजू हवी होती, पण माझं चष्म्याचं दुकान आहे. कोणत्याही नंबरच्या काचेतून बघायची मला सवय आहे. गिऱ्हाइकांदेखत मी औषधवाल्याला सांगून टाकलं, "डोकेदुखीच्या गोळ्या बाजूला काढून ठेव. तुलाच लागतील!"

तयारीला उभा राहिलो कपाटाच्या आरशासमोर. पलीकडच्या खोलीत सासूबाई पडल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला त्या आमच्याकडे आल्या होत्या. डोळ्यांवर काळा चष्मा, माझ्याच दुकानातला. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. बिचाऱ्यांचा सगळा जीव कानांत आला होता, आणि मी आलो होतो रंगात.

"बाहेरून आलेल्यांना आपण किती दिवस सांभाळायचं?" मी आरशाला विचारलं. "आधी म्हणतात, थोडे दिवस. मग पाय पसरतात! आणि सरकार काय करतं? सरकार गप्प! सरकारला सगळं धडधडीत दिसतंय, पण सरकार आतून त्यांनाच सामील आहे. मी तर म्हणतो, आता सरकार बदलायची वेळ आली आहे!"

पलीकडे खाट करकरली. मला वाटलं, दाद मिळाली.

जरा वेळाने सासूबाई भिंत चाचपत आल्या. चहा हवा असेल म्हणून मी स्वयंपाकघराकडे वळलो, तर त्या खुर्चीत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू? माणूस आजारी असेल तर?"

मला भरूनच आलं. सासूबाई माझी तयारी करून घेत होत्या!

"बरं होईपर्यंत राहू द्यावं," मी हात मागे बांधून म्हणालो. "माणुसकी आहेच. पण बरं वाटलं की परत."

"आणि तो थोडंफार काम करत असेल तर? मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं..."

"कामाला आपली माणसं आहेत."

"बरं. आणि परत जायला घरच उरलं नसेल तर?"

काय मुद्दा काढला होता! हा औषधवाल्याला सुचला असता तर मी भर सभेत उताणा पडलो असतो. मी आवाज चढवला. "तो त्याचा प्रश्न. नियम म्हणजे नियम. सीमेपर्यंत न्यायचं आणि सोडून यायचं."

"सीमेपर्यंत म्हणजे... स्टँडपर्यंत?"

मी पोट धरून हसलो. "आई, कमाल आहे तुमची," म्हणालो. त्या हसल्या नाहीत. त्या काळ्या काचांमागे काय चाललंय ते मला दिसलं नाही, आणि म्हणे धंदा चष्म्यांचा.

सकाळी दुकानाला निघालो, तर सासूबाई आवरून, हातात बॅग घेऊन दारात उभ्या. शेजारी सरकार.

"आई म्हणते, तुम्ही तिला स्टँडवर सोडणार आहात," सरकार म्हणालं. आवाज अगदी मऊ. तो मऊ आवाज मी चांगला ओळखतो. "आणि सरकार बदलायची वेळ आली आहे म्हणे. कोणी बघून ठेवलीय का?"

माझी बोबडी वळली. "अगं, ते सरकार वेगळं..."

"म्हणजे आहे एक."

मी शेजारी धावलो आणि औषधवाल्याला साक्षीला ओढून आणलं. तो म्हणाला, "वहिनी, स्पर्धा आहे हे खरं. पण बोलतात मात्र अगदी मनापासून हो."

शेवटी सरकारला हसू फुटलं. "आई, ठेव ती बॅग. अशी रागावून कुठे निघाली होतीस?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "तेच स्टँडवर बसून ठरवणार होते. घर सोडलं गं मी. येतानाच मालकाला किल्ली दिली. डोळे बरे झाले की तुम्हाला विचारणार होते, राहू का म्हणून. काल जावईबापूंकडे अंदाज घेत होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली आणि तिथेच, दारात, बोलायला लागलो. आजारी माणसाबद्दल बोललो, घर हातचं गेलेल्याबद्दल बोललो. माणूस राहतो तिथला होतो, आणि राहू का असं त्याला विचारावं लागू नये हे बघणं सरकारचं काम आहे, हेही बोललो. बोलता बोलता गळा दाटला. सासूबाईंनी चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसला. खरं तर डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. औषधवाला चौकटीला टेकून फार लक्ष देऊन ऐकत होता.

संध्याकाळी स्पर्धेत त्याने तेच भाषण केलं, शब्दाला शब्द, गळा दाटण्यासकट. पहिला आला. सगळ्यात जोरात टाळ्या सासूबाईंनी वाजवल्या. बाहेर पडताना त्याने माझ्या हातात डोकेदुखीच्या गोळ्या ठेवल्या.

घरी आल्यावर सरकारने जाहीर केलं, "आई आता कायमची इथली."

"आणि मी?" मी सहज विचारलं.

"बदलायला कोण निघालं होतं?"

थोडक्यात, माझं प्रकरण अजून सरकारच्या विचाराधीन आहे. तोवर मी मटार सोलतो. शेजारी बसून सासूबाई माझी बाजू मांडतात, "राहू दे गं त्याला. थोडंफार काम करतो."