जर्मनीला गेली ती वेबसाइट

"एका दुपारचं काम हाय!" शंभूराजनं वडलांना छातीठोक सांगितलं. "भाकरी तव्यावरनं उतरायच्या आत वेबसाइट जर्मनीत!"

आष्ट्याचा शंभूराज सगळं व्हिडिओ बघून शिकलेला. कॉलेज अर्धवट, पण सात वर्षांत स्वतःची वेबसाइट अशी उभी केली की विचारू नका! लेख, फोटो, केलेली कामं, सगळं तिथं. ती चालायची मात्र एका बड्या अमेरिकन कंपनीच्या मर्जीवर. "घर आपलं आन् किल्ली दुसऱ्याच्या खिशात!" म्हणून त्यानं जर्मनीतली एक छोटी कंपनी शोधली आणि दुपारी साइट हलवलीसुद्धा.

त्याचा जीव मात्र तासगावात टांगलेला. तात्याबांच्या दीपमालाला बघून आठ दिवस झाले होते, होकार यायचा होता. याआधीच्या अकरा घरांनी "पोरगं करतंय काय?" एवढंच विचारून पोहे संपवले होते. दीपमाला म्हणाली, "तुमची साइट वाचली मी. सगळी." सगळी! ती तर त्याच्या आईनंसुद्धा वाचली नव्हती.

वडील आकाराम फौजेतून रिटायर. घरी बसून काम करणारं पोरगं म्हणजे त्यांच्या लेखी सुट्टीवर आलेला जवान, आणि सुट्टी काही संपेना! त्याच संध्याकाळी डेअरीवर कुणीतरी टोचलं, "पोरगं अजून घरीच व्हय?"

आकाराम भडकले. "घरी? जर्मनीला चाललंय त्याचं!"

"काय चाललंय?"

"सगळंच!"

बास! सकाळी चौकात फ्लेक्स. दहावीचा फोटो, त्यावर मागाहून चिकटवलेला गॉगल. 'जर्मनी येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली एकवीस शुभेच्छुकांची तोंडं.

शंभूराज फ्लेक्स लावणाऱ्या मंडळाच्या बिरदेवकडं पळाला. "आरं, उतरव ते! मी न्हाई, माझ्या फाइली गेल्यात!"

"गड्या, एकवीस जणांचे फोटो हायत त्याच्यावर. कुणाकुणाची समजूत काढू? रविवारी सत्कार हाय. गप फेटा बांधून घे."

तो घरी वडलांकडं आला. "आबा, तुमी तरी सांगा की!"

"सांगितलं तर माझी मान खाली जाती," आकाराम म्हणाले. "दोन तास उभं ऱ्हायचं फकस्त. मी बॉर्डरवर ऱ्हायलो न्हाई व्हय?"

रविवारी फेटा, शाल, नारळ! माईक हातात आला आणि शंभूराजनं ठरवलं, आता खरं बोलायचं. "मंडळी, मी कुठंच जात न्हाई. फक्त माझी वेबसाइट गेलीया."

टाळ्यांचा कडकडाट! "बघा, एवढा मोठा झाला, पण गर्व न्हाई!"

पुढच्या रांगेतून तात्याबा उठले. आकारामांनीच त्यांना आग्रहानं बोलावलेलं. "आकारामराव, एकुलती एक पोर हाय. एवढ्या लांब आमी देत न्हाई."

शंभूराजनं स्टेजवरनं उडी मारली, शाल पायात अडकली, तसाच धडपडत तो मागं धावला. "मामा, मी हितंच हाय! आष्ट्यातच मरणार हाय!"

तात्याबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग फेटा कशाला बांधलाय?"

हे कुठल्याच व्हिडिओत शिकवलं नव्हतं.

"जाणार असलास तर लांब, न्हाई तर लबाड. दोन्हीकडनं न्हाईच!" तात्याबा गाडीत बसले.

तीन महिन्यांनी सांगलीच्या कापडपेठेत दीपमालाच समोर! हातात लग्नाच्या बस्त्याच्या पिशव्या, आई अजून दुकानात.

"अभिनंदन," तो कसाबसा बोलला.

"तुमीच उत्तर दिलं न्हाई."

"कशाचं?"

"तुमचा नंबर नुसता वडलांच्या फोनात. मग तुमच्या साइटवर, 'मला लिहा'मध्ये लिहिलं होतं की! जर्मनी खरी का खोटी एवढंच कळवा, वडलांना मी समजावते. 'धन्यवाद, लवकरच उत्तर देतो' असं आलं. पंधरा दिवस वाट बघितली."

शंभूराजच्या आता ध्यानात आलं. जर्मनीतल्या नव्या ठिकाणी नुसती पानं दिसतात, त्यावर लिहिलेले निरोप पोचत नाहीत. त्याची सोय वेगळी करावी लागते. त्यानं ती सवडीवर टाकली होती. सात वर्षांत तिथं लिहिलं होतं कुणी? 'धन्यवाद' तेवढं पानावर आधीच लिहून ठेवलेलं, ते इमानेइतबारे दिसत राहिलं.

"ते... पोचलंच न्हाई," तो म्हणाला.

आतून आईनं हाक मारली. जाता जाता, त्याला बरं वाटावं म्हणून, ती वळली.

"पण साइट आता लय फास्ट उघडती हां!"